जुन्या महाबळेश्वरीं एक दिवस

मुंबईकर महाबळेश्वरास जातात, ते बहुधा पेठेंतच राहून परततात. ही पेठ १८२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांच्या काळीं वसली व माल्कमपेठ या नांवानें ओळखली जाऊं लागली. मूळ गांव क्षेत्र महाबळेश्वर. तें तेथून सुमारें ६ किलोमीटरवर आहे. याच क्षेत्रीं ६ जानेवारी १६६५ रोजीं सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनीं जिजाबाईंची सुवर्णतुला केली.

एका मे महिन्यांत आम्ही गिरगांवांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन तेथें गेलों. मुलांचें चित्त खरें म्हणजे पेठेंतील घोड्यांकडे! परंतु पंचगंगेच्या मंदिरांत दगडी गोमुखांतून पडणारी धार पाहून एकानें विचारलें, "सर, पाऊस नसतां हें पाणी येतें कोठून?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. या पठारावर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. तो सच्छिद्र असल्यानें पावसाळ्याचें पाणी त्यांत मुरतें. खालीं कठीण काळा खडक लागला कीं अडतें, आणि डोंगराच्या कुशींतून झरा होऊन बाहेर येतें. तेंच पूर्वेस कृष्णा होऊन सुमारें १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरास मिळतें, व पश्चिमेस सावित्री होऊन अरबी समुद्रास. रान तोडून आणि घरें बांधून ही मुरण्याची वाट बुजविली, तर झरेहि आटावयाचे. २००१ सालीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. तरी बांधकामाची हांव सुटलेली आम्हांस दिसली नाहीं.

जवळच कृष्णाबाईचें काळ्या पाषाणाचें देऊळ आहे. तेथें आमच्याखेरीज कोणी नव्हतें. खालीं कृष्णेचें खोरें उन्हांत पसरलें होतें. घोड्यांची आठवण कोणीं काढली नाहीं.