चौथ्या मजल्यावरचा दुधी

एप्रिल महिन्यात, इंदूरच्या उन्हात, पश्चिमेच्या बाल्कनीत टोमॅटो आणि कोथिंबीर कोण लावतं? मी लावली. नर्सरीतून फुलं धरलेली टोमॅटोची चार रोपं आणली, काळी माती भरलेल्या कुंड्यांत लावली (आमच्या घरी कुंडीला गमला म्हणतात, पुण्याचे पाहुणे यावर हमखास हसतात) आणि रोज दोन वेळा भरभरून पाणी घातलं. आठ दिवसांत फुलं गळली. पंधराव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. कोथिंबीर उगवलीच नाही.

ही हौस उगाच आलेली नव्हती. रामबागेतलं आमचं जुनं घर बिल्डरकडे गेलं आणि फेब्रुवारीत आम्ही फ्लॅटमध्ये आलो. जुन्या घराच्या परसात नानांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, कढीपत्ता होता, अळू होतं, पपई होती. नाना 82 वर्षांचे. इथे आल्यावर ते सकाळी पेपर वाचायचे आणि जेवणापर्यंत त्याच खुर्चीत बसून राहायचे. दुखणं नाही, कोणावर राग नाही. आई म्हणायची, "विचारलं तेवढंच बोलतात." मला वाटलं, चार गमले आणले की ते उठतील. ते उठले नाहीत. बाल्कनीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पहिली फजिती झाल्यावर मी जरा वाचायला, विचारायला लागले. टोमॅटोला फळ धरायला फार कडक ऊन चालत नाही, पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात. आपल्याकडे मे महिन्यात तो 40 ओलांडतो. धणेही उन्हाळ्यात नीट रुजत नाहीत. आणि आपल्या माळव्याची काळी माती शेतात कितीही गुणाची असली तरी कुंडीत ती एकटी नको. ओली असताना चिकट, सुकली की दगड, आणि पाणी खाली झिरपू देत नाही. मुळं गुदमरतात. माझी रोपं उन्हाने निम्मी आणि पाण्याने निम्मी मेली.

आता मी एक भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. पाणी घालण्याआधी मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघायची. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. एवढं एक जमलं तरी निम्मी झाडं वाचतात. वजनाचाही विचार करा. 12 इंची ग्रो बॅगमध्ये सुमारे 22 लिटर मिश्रण मावतं, नुसती ओली काळी माती भरली तर एकेक पिशवी 35 किलोच्या आसपास जाते. कोकोपीटने ते बरंच कमी होतं. जड पिशव्या घराच्या भिंतीलगत ठेवायच्या, कठड्यावर तर कधीच नाही.

हे शहाणपण येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते आणि माझ्या कुंडीतलं काळं पाणी थेट त्यांच्या साडीवर, पापडांसकट, टपकलं. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि आठ दिवसांत सगळं हलवा, असं ठरलं.

मी रडकुंडीला येऊन घरात सांगत होते तेव्हा नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "पाणी खाली जायला नको एवढंच ना?" संध्याकाळी ते काठी घेऊन खाली गेले. काकूंशी काय बोलले ते मला माहीत नाही, पण तासाभराने चहा पिऊन वर आले. महिनाभराची मुदत मिळाली होती. प्रत्येक पिशवीखाली खोल ताट ठेवायचं आणि पाणी एकदम ओतायचं नाही, असं ठरलं. नानांनीच पद्धत सांगितली. आधी तांब्याभर, दहा मिनिटांनी पुन्हा थोडं. सुकलेल्या मातीवर एकदम पाणी ओतलं की ते कडेने सरळ खाली पळतं, मुरत नाही.

त्यानंतर जूनच्या शेवटी दुधी लावला, तोही नानांच्या सांगण्यावरून. 18 इंची पिशवी, एका पिशवीत एकच वेल, ग्रिलला सुतळ्या बांधलेल्या. वेल हातभर वाढला की शेंडा खुडायचा म्हणजे बगलफांद्या फुटतात, मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच येतात. ऑगस्टच्या मध्याला फुलं आली. आधी नुसती नर फुलं, बारीक लांब देठाची. मग मादी, जिच्या फुलाखाली बोटाएवढा दुधी आधीच असतो. मी हरखून गेले. चार दिवसांत ते इवले दुधी पिवळे पडून गळले. पुढचेही गळले. मी खत वाढवलं, निंबोळी तेल फवारलं, सगळे उद्योग केले.

नाना तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तू सकाळी काय बघत बसतेस? दुधी दिवेलागणीला फुलतो. इथे चौथ्या मजल्यावर त्याच्याकडे येणार कोण?"

परागीभवन होत नव्हतं. उपाय सोपा आहे. संध्याकाळी नुकतं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. दोन-तीन दिवसांत फळ हिरवं राहून फुगायला लागलं की जमलं. काकडी मात्र सकाळी फुलते, तिचं काम सकाळीच. नानांचा हात थरथरतो, म्हणून फूल मी धरते आणि ते टॉर्च धरून कुठे टेकवायचं ते सांगतात. रोज साडेसहाला मी लॅपटॉप बंद केला नाही तर ते दारात येऊन उभे राहायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी दोनदा "दुधीचं काम आहे" असं सांगून उठले आहे.

पहिला दुधी पंधराव्या दिवशी काढला. अर्धा खाली काकूंकडे गेला.

सगळंच जमलं असं नाही. मिरचीवर मावा पडला, तो लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारल्यावर आटोक्यात आला. एका रोपाला पिठ्या ढेकूण लागला, ते फेकलं. खताचा डबा मी नुसत्या ओल्या कचऱ्याने भरला आणि घरभर वास सुटला. प्रत्येक थरावर तेवढीच वाळलेली पानं टाकायची असतात. इंदूरमध्ये ओला कचरा वेगळा ठेवायची सवय आपल्याला लागलेलीच आहे, आता आमच्याकडून गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीला जरा कमी मिळतो.

नानांच्या खोलीला दक्षिणेची छोटी गॅलरी आहे. जूनमध्ये तिथे उन्हाची तिरीपही नव्हती, मी ती बाद धरली होती. पण कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं, त्यामुळे जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर असतो आणि वरचा स्लॅब सावली धरतो. दिवाळीनंतर तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट नानांच्या पलंगापर्यंत येतं. टोमॅटो आता तिथे आहेत, या वेळी योग्य ऋतूत. हॉलच्या बाल्कनीत मेथी एकदा कापून झाली. नवीन असाल तर मेथीपासूनच सुरुवात करा, चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी होते, आणि तिला चार तासांचं ऊन पुरतं. धणे मात्र रगडून दोन फाका करून लावा. फळांत मी एकच धाडस केलंय, लिंबाचं गुटी कलम. बी लावलं तर बरीच वर्षं वाट बघावी लागते आणि नानांनी ते स्वतःच सांगितलं, "कलमच आण."

पैशांचं विचाराल तर एप्रिलपासून 3,400 रुपये खर्च झाले. तेवढ्यात मंडईतून वर्षभराचे दुधी आले असते. हा हिशोब मी नानांना दाखवलेला नाही.

वेलावर आता शेवटचा एक दुधी आहे. तो बियाण्यासाठी राखलाय, साल कडक होऊन आतल्या बिया वाजेपर्यंत. आई रोज त्याच्याकडे बघून म्हणते, कोफ्ते छान झाले असते. नाना म्हणतात, हात लावायचा नाही.