वारीची तालीम

आषाढी वारीला जायचं ठरलं की टाळ, पताका, रेनकोट यांची जमवाजमव सुरू होते. पायांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

मी चिपळूणचा. रोज संध्याकाळी गोवळकोटपर्यंत फिरून येणारा. चढउतार, पाखाड्या लहानपणापासून पायाखालच्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. त्याचं काय एवढं, असं वाटलं. एका रविवारी २० किलोमीटर चाललो, सोमवारी दिवसभर लोळलो आणि तयारी झाल्याचं घरी जाहीर केलं. वडील वारी करायचे. त्यांचे टाळ घेऊन निघालो.

पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. घाट ताठ मानेनं चढलो. सासवडला मोजे काढले, तर दोन्ही टाचांना फोड! तिथल्या जादा मुक्कामानंही ते बसले नाहीत. जेजुरीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकमध्ये वळकट्यांवर बसावं लागलं, वडिलांचे टाळ मांडीवर घेऊन. दिंडीतल्या एक आजी म्हणाल्या, "एक दिवस कुणीबी चालतंय रे बाबा. दुसऱ्या दिवशी उठून चालायचं असतंय."

सगळी तयारी या वाक्यात आली. पुढच्या वर्षी मी पाडव्यालाच सुरुवात केली. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, म्हणजे हाताशी जवळजवळ १२ आठवडे मिळतात. आरंभी आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर; मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. स्नायू लवकर तयार होतात. सांध्याजवळचे स्नायुबंध आणि तळपायाची कातडी यांना जास्त वेळ लागतो. म्हणून घाई नको. वैशाखापासून शनिवार-रविवार सलग चालायचं आणि शेवटी एकदा तरी लागोपाठ तीन दिवस १५-१५ किलोमीटर. निघण्याआधीचा आठवडा मात्र हलका ठेवायचा.

वाटाही निवडून घेतल्या. सपाटीवरच्या चालीसाठी गोवळकोटचा रस्ता. दमासाठी परशुरामाची चढण. पण खरी परीक्षा परतीच्या उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात. दुसऱ्या दिवशी दुखतात ते त्यामुळेच. कधी गुहागरच्या पुळणीवर चाललो. मऊ वाळूत पोटऱ्या भरून येतात, म्हणून तिथे अर्धंच अंतर.

आता उन्हाचं. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी दमट, की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. देशावर उलट. कोरड्या वाऱ्यानं घाम लगेच उडतो आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. पहाटे निघावं, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावं. थकवा, जुलाब असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्यावं. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बूट नवे नकोत, दोन महिने तरी वापरलेले हवेत आणि किंचित सैल, कारण चालून पाय सुजतात. सुती मोजे ओल धरतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. म्हणून लोकरीच्या मिश्रणाचे किंवा नायलॉनचे मोजे घ्यावेत, प्रत्येक विसाव्याला पाय कोरडे करावेत. कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावावी, मुक्कामापर्यंत थांबू नये. मधुमेह्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासावेत. पहिला पाऊस आला की भिजलेल्या बुटांनी मुद्दाम एक फेरी मारावी. कुठे घासतं ते घरच्या अंगणात कळलेलं बरं!

त्या वर्षी सासवडला मोजे काढताना हात थरथरत होते. टाचा लाल झाल्या होत्या, पण फोड नव्हता. टाळ पंढरपुरापर्यंत माझ्या हातातच राहिले. तुमच्या मनात वारी असेल तर पाडव्याला गुढी उभारा, आणि त्याच संध्याकाळी चालायला बाहेर पडा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)