मलमानं न जाणारे डाग

उल्हासनगरात मुलाच्या अंगावर काही उठलं, की पहिला संशय पाण्यावर जातो. तो अगदीच निराधार आहे असं नाही. अंबरनाथची एमआयडीसी आणि जीन्स धुलाईचे कारखाने यांचं सांडपाणी वालधुनी नदीनं वर्षानुवर्षं वाहिलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर तिच्या पात्रात ओतलेल्या रासायनिक कचऱ्याच्या वायूमुळे शेकडो लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. पाण्याखालोखाल नंबर लागतो उष्णतेचा, मग जंतांचा, शेवटी दृष्टीचा. बहुतेक मुलं खरंच घामोळं, खरूज, गजकर्ण अशा साध्या गोष्टींनीच बेजार असतात आणि उपचारांनी बरी होतात. प्रश्न उरलेल्या मुलांचा आहे. त्यांचं दुखणं दिसतं त्वचेवर, पण असतं रक्तात, हृदयात, मेंदूत, कधी आईच्या ताटात.

यातलं एक दुखणं तर या शहराच्या जन्माशीच जोडलेलं आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र लोक अजूनही कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. या माणसांबरोबर बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा जनुकदोषही आला. भारतात सरासरी शंभरात तीन-चार जण त्याचे वाहक आहेत. सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. जनुकाची ६१९ अक्षरं एकदम गळालेली असणं हा त्यातला एक प्रकार सिंधी, पंजाबी आणि लोहाणा घरांमध्ये विशेष सापडतो. यावरून ‘तो सिंध्यांचा आजार’ असं म्हणून शेजारचे बदलापूरकर निर्धास्त राहतात, ते मात्र चूक आहे. मराठी बोलणाऱ्या जातीजमातींतही वाहक आहेत, फक्त तपासणी कमी होते.

वाहक माणूस ठणठणीत असतो. आई आणि बाप दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची. हे मूल जन्मताना इतर बाळांसारखंच दिसतं. सहाव्या महिन्याच्या आसपास ओठ आणि तळवे पांढुरके पडू लागतात, पोट पुढे येतं. घरचे ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचं टॉनिक सुरू करतात. निदान झाल्यावर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि मग त्वचा दुसरी गोष्ट सांगू लागते. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. साठलेलं लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींमध्ये जातं. वर्षं जातात तसा चेहरा आणि हातपाय राखाडी-तांबूस दिसू लागतात. ‘उन्हात खेळून काळा पडलाय’ असं नातेवाईक म्हणतात. प्रत्यक्षात तो रंग लोह काढणारं औषध पुरेसं पोचत नसल्याचा असू शकतो.

हे औषध पूर्वी पंपानं, पोटाच्या कातडीखाली सुई लावून, रात्र रात्र द्यावं लागे. डेफेरिप्रोन ही तोंडानं घ्यायची गोळी जगात सर्वांत आधी भारतात बाजारात आली, १९९०च्या दशकात, सिप्लाकडून. तिच्या सुरुवातीच्या काही चाचण्या मुंबईत झाल्या होत्या. अमेरिकेनं तिला मान्यता दिली ती २०११ मध्ये. भारतीय औषधसंशोधनातली ही अभिमानाची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे, की लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला केलेली हिमोग्लोबिनची एक तपासणी वाहक ओळखायला सहसा पुरते. पत्रिका जुळवणाऱ्या घरांत हा कागद अजून क्वचितच मागितला जातो.

आईच्या ताटातलं दुखणं याच्या अगदी उलट, म्हणजे स्वस्तात बरं होणारं. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं बाळ, जवळजवळ आईच्या दुधावरच वाढलेलं, आई कडक शाकाहारी आणि दूधदुभतंही तुटपुंजं. बाळाच्या बोटांची पेरं आणि हातापायांचे वरचे भाग काळवंडतात, केस विरळ आणि भुरकट होतात. मग ते हसायचं थांबतं, बसायला शिकलेलं पुन्हा कोलमडतं आणि हातपाय थरथरू लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ १९५०च्या दशकापासून या चित्राची नोंद करत आले आहेत. बहुतांश बाळांमध्ये मूळ कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ते द्यायला लागल्यावर थोड्याच दिवसांत बाळ पुन्हा माणसांकडे बघू लागतं. काळेपणा जायला काही आठवडे लागतात. उशीर झाला, तर बुद्धीचं नुकसान मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही. बाळाची पेरं काळी दिसली तर पीठ चोळण्याआधी आईचं रक्तही तपासायला हवं.

डासांचा मुलूख असल्यानं आणखी एक खूण इथल्या डॉक्टरांना माहीत असणं भाग आहे. २००६च्या चिकुनगुनियाच्या मोठ्या साथीनंतर भारतीय डॉक्टरांनी नवजात बाळांच्या नाकावर उमटणाऱ्या तपकिरी काळेपणाची नोंद केली. बाळंतपणाच्या सुमारास आईला ताप असतो, बाळाला काही दिवसांनी ताप येतो, कधी झटके येतात, आणि ताप उतरल्यावर नाक काळवंडतं. मागाहून निदान पटवणारी ही खूण, पण तापाचं कोडं सोडवायला कामी येते.

कावासाकी आजाराला इतका वेळ देऊन चालत नाही. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञानं १९६७ मध्ये पन्नास मुलांची हकीकत छापली: पाच दिवसांहून लांबलेला ताप, पू न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालबुंद जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले तळवे. गोवरासारखंच हे चित्र. आपल्याकडे एक जास्तीचा पुरावा सापडू शकतो: जन्मल्यावर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजी लशीचा व्रण अचानक लाल होऊन सुजतो. उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे पंचवीस टक्क्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. बोटांच्या टोकांची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ती पाहून पुस्तक उघडणाऱ्या डॉक्टरला उशीरच झालेला असतो.

काही खुणा जन्मापासूनच असतात आणि कौतुकाच्या किंवा ग्रहणाच्या खात्यावर टाकल्या जातात. पानाच्या आकाराचे फिकट चट्टे आणि सोबत झटके असतील, तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा विचार करावा लागतो. कपाळापासून पापणीपर्यंत पसरलेला लालजांभळा डाग आईनं ग्रहणात भाजी चिरल्यामुळे पडत नाही. अशा बाळाच्या डोळ्याचा दाब आणि मेंदू तपासावा लागतो. सर्वांत फसवे चंदेरी केस. आजीला ते देखणे वाटतात, पण ग्रिसेली नावाच्या दुर्मीळ आजाराच्या एका प्रकारात अशा मुलाची प्रतिकारशक्ती अचानक स्वतःवरच उलटते. रक्ताचा तसला शोध घ्यायला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे; शेजारीच १९२९ पासूनचं वाडिया बालरुग्णालय.

परळला पोचण्याआधी बहुतेक मुलं औषधांच्या दुकानात पोचलेली असतात. तिथे मिळते स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लावायची अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली, तरी सवय गेलेली नाही. या ट्यूबनं लाली दबते, खाज थांबते आणि निदानाची खूणच पुसली जाते. लंगोटाच्या जागी जोरकस मलम आठवडेच्या आठवडे चोपडलं, तर ते बाळाच्या रक्तात उतरतं आणि गाल गुबगुबीत होतात. घरच्यांना बाळ सुधारल्यासारखं वाटतं. गालावरचा प्रत्येक पांढुरका चट्टा जंतांचा समजण्याची सवयही तशीच. तो बहुधा निरुपद्रवीच असतो. पण स्पर्श न कळणारा, घाम न येणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध फुकट मिळतं. मात्र मुलाला तो झाला, तर जवळपासच्या एखाद्या मोठ्या माणसावर उपचार राहून गेलेत असा त्याचा अर्थ होतो.

पाठ्यपुस्तकांमधले रंग ही आणखी एक अडचण. ते गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेले आहेत. सावळ्या मुलावर गुलाबी पुरळ विटकरी दिसतं किंवा दिसतच नाही. लहान मुलांच्या संधिवाताच्या एका प्रकारात रोज संध्याकाळी ताप चढताना पुरळ उठतं आणि ताप उतरला की मावळतं. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. पहाटेची लोकल पकडून मूल परळच्या ओपीडीत पोचतं तेव्हा अंग स्वच्छ असतं, आणि आईचं सांगणं अतिशयोक्तीत जमा होतं. मोबाइलनं हे बदललं. पुरळाचा फोटो, त्यावरची वेळ, शेजारी थर्मामीटरचा आकडा असं दोन-तीन संध्याकाळींचं दाखवलं, तर डॉक्टर गुडघे आणि मनगटं दाबून पाहतात आणि संधिवाताच्या विभागाकडे चिठ्ठी लिहितात.