जळका वास कोठून येतो?

कपडे धुण्याच्या यंत्रातून जळका वास येऊ लागला, की घरातील मंडळी प्रथम झाकण उघडून आत डोकावतात. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी भिंतीवरील खटका बंद करावा, मग कोरड्या हातांनी प्लग काढावा. खुद्द प्लगमधूनच धूर निघत असेल, तर त्यास न शिवता मुख्य खटका पाडावा. पाणी कदापि ओतू नये.

यानंतरचे काम नाकाचे. वास रबराचा असेल, तर बहुधा पट्टा घसरत असतो. ओल्या चादरींनी ठासून भरलेले पिंप अडते, मोटर मात्र फिरत राहते आणि कप्पीवर घासून पट्टा तापतो. हे दुखणे किरकोळ. परंतु मोटर नुसतीच गुणगुणत असेल आणि वास उग्र असेल, तर प्रकरण गंभीर समजावे. थबकलेल्या मोटरीच्या वेटोळ्यांतून भलताच प्रवाह वाहतो व तांब्याच्या तारेवरील रोगण जळते.

सर्वांत फसवा दोष मात्र यंत्रात नसून भिंतीत असतो. पाणी तापविणारे यंत्र सुमारे २००० वॅट वीज घेते. विद्यार्थ्यांनी वर्गातील सूत्र आठवून २३० व्होल्टने भागून पाहावे. प्रवाह जवळजवळ ९ अँपिअर येतो! दिव्यापंख्यांसाठीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो कसा सोसावा? त्यातून आमच्या गोव्याच्या पावसाळी हवेत प्लगचे पितळ कळकते, जोड सैल पडतो आणि तेथेच उष्णता साठते. काढलेल्या प्लगची पाती काळवंडलेली दिसली, तर यंत्र दुरुस्तीस नेण्यापूर्वी वायरमनला बोलवावे व १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट बसवून घ्यावे.