कल्याण–अलेक्झांड्रिया प्रवासमार्ग

कल्याण–अलेक्झांड्रिया प्रवासमार्ग : उत्तर कोकणातील उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण बंदर आणि भूमध्य समुद्राकाठचे ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगर यांना जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांत भारत व रोमन साम्राज्य यांच्यातील व्यापार भरभराटीस आला, तेव्हा या मार्गास महत्त्व प्राप्त झाले. नकाशावर तो सलग जलमार्ग भासतो. परंतु भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांच्यामध्ये ईजिप्तची भूमी आडवी असल्याने सागर, वाळवंट व नदी असे तीन टप्पे प्रवाशास ओलांडावे लागत.

कल्याणच्या वायव्येस सु. १० किमी. वर कामवारी नदीकाठी भिवंडी वसले आहे. मध्ययुगात ही दोन गावे ‘कल्याण-भिवंडी’ अशी जोडीनेच उल्लेखिली जात. भिवंडीजवळील लोणाड येथे बौद्ध लेणे आहे. सह्याद्रीवरून नाणेघाटाने उतरणारी वाट जुन्नरकडून या खाडीकडे येते. पैठण व तेर या दख्खनमधील व्यापारी पेठांना समुद्राचा जवळचा मार्ग हाच होता.

प्रवासाचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांच्या अधीन होते. थोरला प्लिनी (२३–७९) याने अलेक्झांड्रियाहून भारताकडे येण्याचे टप्पे दिवसांच्या हिशेबासह नोंदविले आहेत. अलेक्झांड्रियाजवळून नाईल नदीतून कॉप्टॉसपर्यंत वाऱ्याच्या साहाय्याने १२ दिवस. तेथून उंटांच्या तांड्याबरोबर तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरापर्यंत आणखी १२ दिवस. उष्म्यामुळे वाळवंटातील वाटचाल बव्हंशी रात्री होई व दिवसा पाण्याच्या ठिकाणी मुक्काम पडे. बेरेनिकेहून ऐन उन्हाळ्यात जहाजे सुटत. अरबस्तानच्या दक्षिण टोकाकडील ऑकेलिस येथे ती सु. ३० दिवसांनी पोहोचत, आणि तेथून नैर्ऋत्य वाऱ्यावर ४० दिवसांत मलबारातील मुझिरिस गाठता येई. कोकणाकडे येणारी जहाजेही याच वाऱ्यावर अवलंबून असत. भर पावसाळ्यात हा किनारा जहाजांस प्रतिकूल असतो. म्हणून जुलैत निघून पावसाचा जोर ओसरल्यावर येथे पोहोचणे हा या वेळापत्रकाचा गाभा होता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला मानण्याचा कोकणातील रिवाज येथे सहज आठवतो. परतीची जहाजे ईशान्य वाऱ्यावर डिसेंबरात अथवा जानेवारीच्या आरंभी भारताचा किनारा सोडीत.

कोकणातून निघणाऱ्यास हेच टप्पे उलट क्रमाने पार करावे लागत. पौषात निघालेला वाणी सर्व काही सुरळीत झाल्यास भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास परत येऊ शके. परंतु ईजिप्तमध्ये रेंगाळल्याने जुलैची जहाजे चुकली, तर त्यास पुढील वर्षीच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. मालावर रोमन सरहद्दीवर एक चतुर्थांश, म्हणजे २५ टक्के, जकात आकारली जाई. एवढा कर भरूनही व्यापार चालू राहिला, यावरून नफ्याचे प्रमाण केवढे असेल याची कल्पना येते. ऑगस्टसच्या काळात मायोस हॉर्मोस या एका बंदरातून वर्षाकाठी १२० पर्यंत जहाजे भारताकडे जात, असे स्ट्रेबो हा भूगोलज्ञ सांगतो.

नाईलमार्गे येणाऱ्या प्रवाशास अलेक्झांड्रियाचे प्रथम दर्शन समुद्राकडून होत नसे. कालव्यांनी तो नगराच्या दक्षिणेकडील मारेओटिस सरोवराच्या धक्क्यास लागे. या धक्क्यावर समुद्राकडील बंदरापेक्षाही अधिक माल उतरत असल्याचे स्ट्रेबोचे निरीक्षण आहे. इ. स. पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने स्थापिलेल्या या नगराची रचना सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची होती. उत्तरेस फॅरोस बेटापर्यंत बांधलेल्या दगडी बांधामुळे बंदराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले होते. बेटावरील सु. १०० मी. उंचीचा दीपस्तंभ प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणला जाई. येथे आलेल्या भारतीयांचा साक्षीदार म्हणून डायो क्रिसोस्टोम या वक्त्याचा निर्देश करावा लागतो. अलेक्झांड्रियातील श्रोत्यांपुढील भाषणात त्याने प्रेक्षकांमधील इथिओपियन, अरब, बॅक्ट्रियन, सिथियन व पर्शियन लोकांबरोबर काही भारतीयांचाही उल्लेख केला आहे. वाळवंटातील एल्-कनाइस येथे पॅन देवतेच्या स्थानी सोफोन नामक भारतीयाने सुखरूप प्रवासाबद्दल कोरविलेला ग्रीक लेख आढळला आहे. त्याचे मूळ भारतीय नाव ग्रीक रूपाआड दडले आहे. पाली मिलिन्दपञ्ह या ग्रंथात जहाजमालक ज्या दूरच्या बंदरांस जातो, त्यांत ‘अलसंद’ हे नाव येते. ते अलेक्झांड्रियाच असावे, असे काही विद्वान मानतात.

ग्रीकांनी प्रवासाची पुस्तके लिहिली; कोकणातील व्यापाऱ्यांनी मात्र आपली नावे लेण्यांच्या भिंतींवर ठेविली. कान्हेरी येथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा वारंवार उल्लेख येतो. जुन्नर व कार्ले येथील दानलेखांत यवन दातेही आढळतात. त्यांनी टाक्या, मंडप व स्तंभ यांसाठी दान दिले, ते याच भूमीतील धर्माच्या आश्रयाने. परदेशी व्यापारी म्हणजे केवळ माल उतरवून जाणारा पाहुणा, ही समजूत या लेखांपुढे टिकत नाही.

कल्याणच्या बंदराची खरी अडचण वाऱ्याची नव्हे, राजकारणाची होती. पहिल्या शतकाच्या मध्यास एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी मार्गदर्शिकेत सोपाऱ्यानंतर ‘कॅल्लिएना’ नगर येते. थोरल्या सॅरॅगॅनसच्या काळी ते कायदेशीर व्यापारपेठ होते. पुढे सँडरीझच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारास अटकाव झाला आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. सॅरॅगॅनस हे सातकर्णी या नावाचे रूप असावे. ही सातवाहन व क्षत्रप नहपान यांच्या संघर्षाची छाया होय. याच ग्रंथात पैठणचे मौल्यवान खडे व तेरचे कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेत असल्याचे वर्णन आहे. नाणेघाट जवळ असता माल एवढ्या लांबच्या वाटेने का जावा, याचे उत्तर बहुधा या कोंडीतच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर कोकणपट्टी पुन्हा सातवाहनांकडे आली.

सहाव्या शतकात कॉझमस इंडिकोप्लूस्टीझ या अलेक्झांड्रियाच्याच व्यापाऱ्याने ‘कॅलिआना’ येथील ख्रिस्ती समाज व इराणातून नेमलेला बिशप यांची नोंद केली आहे. तेथून तांबे, शिसवी लाकूड व कापड सिंहलद्वीपास जाई. हे स्थळ म्हणजे कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर या खाडीत आरमारी जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. यंत्रमागांमुळे भिवंडीची आजची ओळखही कापडाशीच निगडित आहे.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी मुंबईहून यूरोपला जाणारे प्रवासी व टपाल सुएझला उतरून कैरोमार्गे अलेक्झांड्रियास जात. म्हणजे जुन्या मार्गाचाच तो नवा अवतार होता. बेरेनिके येथील उत्खननांत भारतीय सागवान, सुती कापड व मिरी सापडली असून २०२२ मध्ये तेथे बुद्धमूर्तीही मिळाली. अलेक्झांड्रियात आजच्या प्रवाशास दीपस्तंभ दिसत नाही. चौदाव्या शतकातील भूकंपांत तो ढासळला. त्याच्या जागी मामलूक सुलतान काइतबेने १४७७ मध्ये बांधण्यास घेतलेला किल्ला उभा आहे आणि दीपस्तंभाचे मानले जाणारे प्रचंड दगड किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्यांना पाहावयास मिळतात. डायोक्लीशनच्या सन्मानार्थ उभारलेला, पण ‘पाँपीचा स्तंभ’ म्हणून ओळखला जाणारा ग्रॅनाइटचा स्तंभ, कोम एल्-शुकाफा येथील भूमिगत दफनगृहे, तसेच २००२ मध्ये उघडलेले नवे ग्रंथालय ही तेथील अन्य प्रेक्षणीय स्थळे होत.