घामानं भिजलेला घोडा थंडीत तसाच बांधू नका. रपेटीनंतरचा पाऊण तास महत्त्वाचा

सारंगखेडा (ता. शहादा) : मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा भरली की तापीकाठच्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, नुकरा असे नाना जातींचे घोडे उतरतात. इथून घोडा घेऊन गावी जाणारे सगळेच काही जुने शौकीन नसतात. कोणी वरातीच्या धंद्यासाठी घेतो, कोणी टांगा शर्यतीसाठी, तर कोणी पहिल्यांदाच हौस म्हणून. घेताना दात बघितले जातात, भोवरे बघितले जातात, रेवाल चाल चारचारदा बघितली जाते. पण तोच घोडा संध्याकाळी दौड मारून आला, अंगावरून घाम निथळतोय आणि मालक त्याला लिंबाखाली बांधून जेवायला निघून जातो, हे दृश्य हिवाळ्यात गावोगावी दिसतं. लाखाच्या घरातलं जनावर अशा एका रात्रीत आजारी पडू शकतं.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे तर कधी कधी दवही गोठतं. कोरड्या घोड्याला या थंडीचं फारसं काही वाटत नाही. हिवाळा लागला की त्याचे केस दाट होतात, ते उभे राहतात आणि केसांमध्ये हवा अडकून राहते. तीच त्याची गोधडी. घामानं केस भिजून अंगाला चिकटले की ही गोधडी गेली. मग अंगातली ऊब भराभर बाहेर पडते आणि वरून वारा लागला तर आणखी वेगानं.

बैल दमला की लाळ गाळतो, धापा टाकतो. घोडा मात्र अंगभर घाम गाळून थंड होतो. पळताना त्याच्या स्नायूंत जी ताकद खर्च होते, तिचा मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, नुसत्या उष्णतेत जातो. ही उष्णता बाहेर काढायला घाम लागतोच. म्हणजे दौडीनंतर दोन कामं एकाच वेळी करायची असतात. आतली गरमी हळूहळू उतरवायची आणि बाहेरचा ओलावा लवकर घालवायचा. गोंधळ इथंच होतो. गरमी उतरायच्या आत जाड झूल टाकली तर घोडा आतून उकडतो आणि आणखी घामेजतो. काहीच न टाकता वाऱ्यावर उभा केला तर एकदम गारठतो.

पळवत आणून खुंट्याला बांधू नका

थंड करायची सुरुवात घरी नाही, रस्त्यात होते. गाव दीड-दोन किलोमीटर राहिलं की लगाम सैल सोडायचा आणि घोडा नुसता चालवत आणायचा. पोरांना गावात शिरताना चौफेर उधळत यायची हौस असते, पारावरच्या लोकांनी बघावं म्हणून. घोड्याला ती महागात पडते.

दौडताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करत असतात. घोडा एकदम थांबवला की ती मदत थांबते, थकव्याचे पदार्थ स्नायूंतच राहतात आणि जनावर आखडतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात खाली उतरा, तंग एक-दोन भोकं सैल करा आणि हातात लगाम धरून चाला. खोगीर मात्र लगेच काढू नका. त्याखालची पाठ सगळ्यात गरम आणि ओली असते, तिला एकदम गार वारा लागू देऊ नये. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर खोगीर उतरवा आणि पाठीवर तळहातानं चोळा, म्हणजे दाबली गेलेली जागा मोकळी होते. कमरेवर आणि पुठ्ठ्यावर तेवढ्या वेळेपुरतं एखादं सुती कापड टाकलं तर उत्तम.

घोडा थंड झाला हे कसं ओळखायचं? नाकपुड्या फुललेल्या नसाव्यात. बरगडीच्या मागची कूस वर-खाली होते, ते मिनिटभर मोजा. निवांत घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट लावलं की नाडी लागते. आरामात ती ३० ते ४० च्या आसपास असते, दौडीनंतर पंधरा मिनिटं चालवल्यावर ६० च्या खाली यायला हवी. पुढच्या दोन पायांमध्ये छातीला हात लावा. तिथं गरम लागत असेल तर अजून फिरवा. मोबाइलमध्ये घड्याळ आहेच, मोजायला काही पैसे पडत नाहीत.

कोरडं करायचं म्हणजे केस मुळापासून

वरून हात फिरवला आणि कोरडं लागलं म्हणजे घोडा सुकला असं नाही. हिवाळ्यात केस दाट असतात. वरचं टोक सुकतं आणि मूळ ओलंच राहतं. बोटं केसांच्या उलट्या दिशेनं घालून बघा. कानामागं, छातीखाली, तंगाच्या जागेवर, मागच्या पायांच्या जांघेत ओलावा सगळ्यात शेवटी जातो.

आधी आडोसा बघा. वारा अडला पाहिजे, पण जागा कोंदट नको. मग सुक्या गोणपाटाचा तुकडा किंवा जुनं टॉवेल घेऊन केसांच्या उलट दिशेनं जोरात चोळायचं. उलट का, तर केस उभे राहतात, मुळाला हवा लागते आणि चोळण्यानं रक्तही खेळतं. गोणपाट ओलं झालं की दुसरं घ्या, ओल्यानं चोळून उपयोग नाही. नवापूर, अक्कलकुव्याकडे भाताचा पेंढा मिळतो. त्याची मूठभर जुडी पिळून केलेला बोळा गोणपाटापेक्षाही चांगलं काम देतो.

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांच्यासाठी पेंढ्याचा आणखी एक उपयोग आहे. घोडा चोळून झाला की पाठीवर सुक्या पेंढ्याचा पातळ थर अंथरायचा आणि त्यावर गोणपाट किंवा विरळ विणीची लोकरी घोंगडी सैल टाकायची. पेंढ्यामुळे अंग आणि कापड यांच्यात हवा खेळती राहते, घामाची वाफ वर निघून जाते. थोड्या वेळानं गोणपाटाच्या वरच्या बाजूला हात लावला तर दव पडल्यासारखी ओल लागते. ती घोड्याच्या अंगातून निघालेली ओल. मग ते काढून टाकायचं आणि अंग खरंच कोरडं असेल तर रात्रीची कोरडी झूल घालायची. ओली झूल रात्रभर अंगावर ठेवणं हे उघडं ठेवण्यापेक्षा वाईट. प्लॅस्टिकचा कागद, खताच्या गोण्या, जुने फ्लेक्स हे तर कधीच नको. त्यातून वाफ बाहेर जात नाही आणि घोडा स्वतःच्याच घामात भिजत राहतो.

संध्याकाळी पाइप लावून धुवायची सवय मात्र हिवाळ्यात सोडलीच पाहिजे. धुवायचंच असेल तर दुपारच्या उन्हात, आणि लगेच पाणी निथळून, पुसून. संध्याकाळी फक्त कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तंगाची, खोगिराची जागा पुसून घ्यावी.

तबेल्यात ऊब यावी म्हणून आत शेकोटी पेटवणारे आहेत. हे थेट नुकसान आहे. धुरानं घोड्याच्या फुफ्फुसांना त्रास होतो, आणि कडब्याशेजारी विस्तव ठेवणं किती शहाणपणाचं, हे कोणाला सांगायला नको. थंडी पळावी म्हणून दारू पाजणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

वरातीचा घोडा, उघडा पिकअप

लग्नसराईत वरातीच्या घोड्याचे हाल रपेटीच्या घोड्यापेक्षा जास्त होतात. तो पळत नाही, पण मखमली झूल, जरीचा साज, पाठीवर नवरदेव आणि कानाशी डीजे अशा अवस्थेत दोन-तीन तास नाचतो. भीतीनंही घोड्याला घाम येतो. रात्री अकराला वरात संपली की त्याच ओल्या अंगानं त्याला उघड्या पिकअपमध्ये चढवतात आणि वीस-तीस किलोमीटर गाडी पळवतात. ओल्या अंगावर तो वारा म्हणजे घोड्याला बर्फासारखाच.

यावर उपाय खर्चिक नाही. साज आणि मखमल उतरवा, पंधरा मिनिटं मांडवाच्या मागे फिरवा, गोणपाटानं चोळा, गाडीत दोन कोरडी पोती आणि एक घोंगडी कायम ठेवा. पिकअपच्या पुढच्या बाजूला ताडपत्री बांधून वारा अडवा, मागून हवा मोकळी राहू द्या. ठरलेल्या पैशांत ही वीस-पंचवीस मिनिटं धरलेली नसतात हे खरं. पण आठ दिवस घोडा खोकत बसला तर पुढच्या चार सुपाऱ्या हातच्या जातात.

पाणी पाजायचं की नाही?

या प्रश्नावर पारावर हमखास वाद होतो. गरम घोड्याला पाणी पाजलं तर पोटशूळ होतो, म्हणून दोन-दोन तास पाणी तोडायची जुनी रीत आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मात्र घोडे वाटेत जागोजागी पाणी पितात आणि पुढं धावतात. पाणी तोडण्यानंच नुकसान जास्त होतं. घोड्याच्या घामात क्षार खूप असतात, त्याच्या रक्तापेक्षाही जास्त. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे त्याला तहान लागल्याची जाणीवच नीट होत नाही. दौडीनंतर लगेच तो प्यायला तयार असतो, ती वेळ टाळली की मग नुसतं बादलीला नाक लावून उभा राहतो. आत पाणी कमी, वरून सुका कडबा, अशानं लीद आतड्यात घट्ट बसते. हिवाळ्यातल्या पोटशुळाचं हे मोठं कारण.

तेव्हा पाणी द्या, फक्त बेतानं. काही घोट, थोडं चालवणं, पुन्हा काही घोट. पाणी फार गार नको. टाकीत रात्रभर थंड झालेलं पाणी घोडा कमी पितो. बोअरचं किंवा विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते आवडीनं पितो. शेतीची लाइट रात्री येत असेल तर टाकी गोणपाट गुंडाळून झाकून ठेवा, किंवा थोडं गरम पाणी त्यात मिसळा. साधारण घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. थंडी आहे म्हणून हे प्रमाण फार घटू देऊ नका. चंदीत रोज ३० ग्रॅमच्या आसपास मीठ टाकावं, घाम जास्त गेला त्या दिवशी त्याहून वाढवून. पाणी समोर असेल तरच.

श्वास शांत झाला की आधी सुकी वैरण टाका. वैरण आतड्यात आंबताना शरीराला ऊब मिळते, म्हणजे आत चूल पेटवल्यासारखंच. हरभऱ्याची, ओटची चंदी मात्र तासाभरानंतर.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

कधी कधी घोडा दौडीत किंवा दौडीनंतर अचानक पाऊल टाकेनासा होतो. पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, घाम थांबत नाही आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. दोन दिवस खुंट्याला बांधून पूर्ण चंदी खाल्लेला घोडा तिसऱ्या दिवशी एकदम पळवला की हे बरेचदा घडतं. अशा वेळी 'चालवा म्हणजे मोकळा होईल' हा सल्ला ऐकू नका. चालवल्यानं स्नायू आणखी फाटतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आहे तिथंच उभा ठेवा, पांघरूण घाला आणि डॉक्टरांना बोलवा.

अर्ध्या तासानंतरही श्वास जोरात चालणं, अंग कोरडं होऊनही थरथर न थांबणं, पुन्हा पुन्हा पोटाकडे बघणं, पुढच्या पायानं जमीन उकरणं, लोळणं, लीद बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. घोड्याचं साधारण तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. आराम करूनही ते १०२ च्या वर राहिलं तर ताप समजा. पोट दुखतंय म्हणून बाटलीनं किंवा नळीनं तेल पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं बाहेर यायचा मार्ग नाही. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

बाजारात असताना आणखी एक काळजी. शेजारच्या घोड्याचं गोणपाट, खरारा, बादली वापरू नका. गजकर्णासारखे कातडीचे रोग अशानंच पसरतात, आणि ग्लँडर्ससारखा जीवघेणा आजार एकाच हौदातल्या पाण्यातून दुसऱ्या जनावराला होऊ शकतो. तो माणसालाही होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर खरारा करा. घाम सुकून राहिलेलं मीठ केसांत पांढरं दिसतं, ते निघालं नाही तर तंगाखाली कातडी सोलते. चारही पायांवरून हात फिरवून कुठं सूज, कुठं गरम लागतंय का बघा. खोगिराखालचा गद्दा उलटा करून उन्हात टाका आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा पाठीवर घालू नका.