तारकर्लीतील स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण व परदेशातील कौशल्यमान्यता

तारकर्ली (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स (इसदा) ही प्रशिक्षण संस्था आहे. येथील अभ्यासक्रम 'पॅडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीनुसार चालतात.

प्रमाणपत्रांच्या पायऱ्या

'ओपन वॉटर डायव्हर' या प्राथमिक प्रमाणपत्राची खोलीची मर्यादा १८ मीटर आहे. व्यावसायिक पातळी 'डाइव्हमास्टर'पासून सुरू होते. त्यासाठी किमान वय १८ वर्षे असून अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत ६० बुड्यांची नोंद आवश्यक असते. प्रशिक्षकाच्या परीक्षेस १०० लागतात. प्रत्येक बुडीची तारीख, स्थळ, खोली व अवधी लॉगबुकात नोंदवतात. त्यामुळे समुद्राशी लहानपणापासून परिचित असलेल्या मच्छीमार तरुणाचाही नोंद नसलेला अनुभव या मोजणीत येत नाही.

परदेशातील मूल्यमापन

पॅडीचे प्रमाणपत्र अनेक देशांत ओळखले जाते. मात्र तो कामाचा परवाना किंवा व्हिसा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या 'अँझ्को' व्यवसाय-वर्गीकरणात खुल्या पाण्यातील डायव्हिंग प्रशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय (क्र. ४५२३११) आहे. संगणक व्यावसायिकांचे मूल्यमापन ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते, तसे या व्यवसायाचे 'व्हेटअसेस' ही संस्था करते. त्यात पात्रतेबरोबरच सवेतन अनुभवाचे पुरावे, म्हणजे नियोक्त्याचे पत्र, वेतनपावत्या इत्यादी, तपासले जातात. तारकर्लीत पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. हंगामापुरत्या व तोंडी बोलीवर केलेल्या कामाचा असा पुरावा मागे राहत नाही. त्यामुळे कौशल्य अंगी असूनही ते सिद्ध करणे कठीण होते.